ट्रॅक्टरला घरचं छत: ऊन, वारा आणि चिलटांचं गणित

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये नेटवर्क नाही किंवा माझा आवाजच झेपत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना मारलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. सगळे काढले नाहीत, नाहीतर तो मी वाटणार नाही.

नवीन आलेल्यांसाठी: मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, घर दापोडे. दापोडे म्हटलं की कोकणातले लोक दापोली ऐकतात आणि पुण्यातले दापोडी. दोन्ही नाही. भिवंडी तालुका, मानकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे निघालात की गोदामांच्या रांगा लागतात ना, तिथे. तुम्ही ऑनलाइन मागवलेली एखादी तरी वस्तू आमच्या शिवारातून गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे. बाहेरच्यांना वाटतं इथे आता शेती उरली नाही. पण दोन गोदामांच्या मधे, मागे, पलीकडे भातखाचरं अजून आहेत, आणि काकांसारखी माणसं अजून ती करतात. स्वतःची करतात, आणि ज्यांची मुलं नोकरीला लागली त्यांचीही भाड्याने नांगरून देतात.

काकांचा मिनी ट्रॅक्टर आहे. उघडा. वर छत नाही, बाजूला काच नाही. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर असेच. एसी केबिनवाले ट्रॅक्टर आता मिळतात, पण ते मोठ्या हॉर्सपॉवरचे आणि मोठ्या किमतीचे. दोन गुंठ्यांच्या खाचरात ते वळणारही नाहीत. मागच्या भातकापणीनंतर मळणी चालू असताना दुपारी काका ट्रॅक्टरवरून उतरले आणि डोकं धरून बांधावर बसले. पाच मिनिटं बोललेच नाहीत. मग पाणी प्यायले, म्हणाले “काय नाय, जरा गरगरलं,” आणि परत चढले. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी छताच्या मागे लागलो. हा भाग त्या छतामागच्या विचाराचा आहे. नट-बोल्टच्या मापांचा कमी, ती तुमच्या ट्रॅक्टरप्रमाणे बदलतीलच.

आधी हे समजून घ्या की ऊन करतं काय

स्वच्छ आकाश असताना भर दुपारी जमिनीच्या दर चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊन पडतं. बसलेल्या माणसाचं वरून दिसणारं अंग धरा एक तृतीयांश चौरस मीटर. कपडे, कातडी त्यातलं सत्तर टक्के शोषतात असं धरलं तर दोनशे वॉटच्या वर उष्णता शरीरात येते. आता ट्रॅक्टर चालवणारा माणूस स्वतः किती उष्णता तयार करतो? दीडशे ते दोनशे वॉट. म्हणजे ऊन अंगावर घेऊन बसलेल्या माणसाच्या शरीराला दुप्पट उष्णता बाहेर टाकायची असते.

ती बाहेर टाकायचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घाम सुकणं. दोनशे वॉट घालवायला ताशी साधारण तीनशे मिलिलिटर घाम पूर्ण सुकावा लागतो. तीन तासांत जवळजवळ एक लिटरची बाटली, फक्त उन्हाचं बिल भरायला. आणि आमच्याकडे तो पूर्ण सुकत नाही. खाडी जवळ, हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे अर्धा घाम टपकून जातो. टपकलेला घाम शरीराला थंड करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ घेऊन जातो.

म्हणूनच आमच्या पट्ट्यात थर्मामीटरवर भरवसा ठेवू नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उघड्या मैदानावर बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. त्या दिवशी तापमान काही पंचेचाळीस नव्हतं, अडतीसच्या आसपास होतं. विदर्भातला माणूस त्या आकड्याला हसेल. पण दमट हवा, डोक्यावर सावली नाही आणि तासन् तास तसंच बसून राहणं, हे तिन्ही एकत्र आलं की अडतीसही पुरतं. ट्रॅक्टरच्या सीटवर हे तिन्ही रोज एकत्र येतात. वर रेडिएटरचा पंखा इंजिनाची गरम हवा मागे, म्हणजे ड्रायव्हरच्या तोंडावर ढकलतो, आणि दोन पायांच्या मधे तापलेला गिअरबॉक्स असतो. नांगरताना ट्रॅक्टर चालता असतो तेव्हा निदान थोडा वारा लागतो. मळणीला ट्रॅक्टर एका जागी उभा, पीटीओवर मशीन चालू, तेव्हा तोही नाही.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो, कारण याचे रील सगळ्यांना येतात: छताला बारीक फवाऱ्याची नळी लावून तुषार सोडायचे. अकोल्याला, नागपूरला मे महिन्यात ते छान चालेल. भिवंडीत नाही. ज्या कारणाने आमच्याकडे कूलर म्हणजे ओली हवा फेकणारं मशीन होतं, त्याच कारणाने. पाणी सुकलंच नाही तर थंडावा येणार कुठून?

तर सावली दिली की ते दोनशे वॉट जवळजवळ सगळे वाचतात. पण सावली कशाची, यावर बरंच अवलंबून आहे.

पत्रा का नको

सगळ्यात सोपा उपाय म्हणून लोक पत्रा ठोकतात. पत्रा उन्हात तापतो, साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज. मग तो खाली उष्णता फेकतो. पासष्ट अंशांचा काळपट, रंगवलेला पत्रा तेहतीस अंशांच्या आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा दर चौरस मीटरला दोनशे वॉटच्या वर जास्त उष्णता फेकतो. डोक्यावर दीड फुटावर! सगळी काही अंगावर येत नाही, पण वरून सूर्य हटवून जवळ तवा टांगल्यासारखं ते होतं. पत्र्याच्या घरात मे महिन्यात झोपलेल्यांना हे समीकरण न सांगताही माहीत आहे.

यावर उत्तर आमच्याच भागात जुनं आहे: इरलं. शहरातल्या मंडळींनी कदाचित पाहिलं नसेल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं, नंतरच्या काळात प्लास्टिक. आवणीच्या वेळी वाकून काम करणाऱ्या बायका ते डोक्यावरून पाठीवर घेतात, दोन्ही हात मोकळे. इरलं पाठीला चिकटत नाही. मधे हवा खेळते, वजन नगण्य, आणि पाणी मागच्या मागे ओघळून जातं. ट्रॅक्टरच्या छतासाठी मला हवी असलेली यादी हीच होती: हलकं, मधे हवा असलेलं, पाणी मागे टाकणारं.

म्हणून छत दोन थरांचं केलं. वरच्या थराला फ्लेक्स. भिवंडीत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स कधीच कमी पडत नाहीत, तारीख उलटली की फुकट मिळतात. भाऊ-दादांचे चेहरे खालच्या बाजूला, पांढरी पाठ वर. पांढरा रंग बरंचसं ऊन परत पाठवतो. मग अडीच इंचांची मोकळी जागा, पुढून-मागून उघडी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. आणि खाली गोदामांच्या छताखाली लावतात ती चंदेरी बबल शीट. नवीन गोदाम बांधलं की तिचे तुकडे भंगारात पडलेले असतात. चकचकीत पृष्ठभाग उष्णता फार कमी शोषतो आणि कमीच फेकतो. फक्त त्यावर धूळ बसली की तो गुण जातो, त्यामुळे महिन्यातून एकदा फडकं मारायचं. दुपारी बाराला दोन्ही थरांना खालून हात लावून बघा. फरक सांगायला थर्मामीटर लागत नाही.

फ्लेक्स कायमचा नाही. एक-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतो. हरकत नाही, निवडणुका येतच असतात.

हिरवी शेडनेट चालेल का, असं दोघांनी विचारलं होतं. बाजूंना चालेल, डोक्यावर मला पटत नाही. पन्नास टक्क्यांची जाळी म्हणजे अर्धं ऊन अंगावर येतंच, नव्वद टक्क्यांची घेतली तर पावसात ठिबकते.

सूर्य डोक्यावर नसतो तेव्हा

हा भाग मला करताना सगळ्यात आवडला. आम्ही १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर. त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या काळात पाच बाय चार फुटांचं छत दुपारी पूर्ण सावली देतं. पण खरं काम तेव्हा आहे का? मेमध्ये थोडी नांगरट. जुलैत चिखलणी, तेव्हा बहुतेक वेळा पाऊस, छताचं काम इरल्याचं.

उन्हात जास्त तास जातात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कापणी-मळणीला. तेव्हा भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांवर. छत मांडीपासून एक मीटर वर असेल तर सावली साठ-पासष्ट सेंटिमीटर उत्तरेला सरकते. म्हणजे सीटच्या बरोबर वर बेतलेल्या छताची सावली अर्धी मडगार्डवर आणि ऊन तुमच्या मांडीवर. दुपारी चारला सूर्य आणखी खाली, तेव्हा सावली दोन मीटर लांब जाऊन पडते. छत असून नसल्यासारखं.

मळणीला ट्रॅक्टर एका जागी उभा असतो, तेव्हा उपाय सोपा: उभा करतानाच दिशा बघा, आणि दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला शेडनेटचा तीन फुटी पडदा सोडा. चालत्या कामाला पडद्याचा फार उपयोग नाही. प्रत्येक वळणाला उन्हाची बाजू बदलते, आणि दर वळणाला पडदा कोण सरकवणार? संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला मानेवर येणारा टॉवेल आणि मोठ्या काठाची टोपी हेच खरं. काही प्रश्न फॅब्रिकेशनने सुटत नाहीत.

वजन: इथे थट्टा नाही

आता जरा गंभीर. घरी छत करणारे बहुतेक जण मजबूत करायच्या नादात जड करतात. चार खांब, जाड अँगल, वर पत्रा. पन्नास-साठ किलो सहज. मोठ्या ट्रॅक्टरला ते फारसं जाणवत नाही. मिनी ट्रॅक्टरला जाणवतं, आणि कसं ते दाखवतो.

समजा ट्रॅक्टर आठशे किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर नव्वद सेंटिमीटर. असा ट्रॅक्टर बाजूला साधारण सदतीस अंश कलला की उलटतो. हे कागदावर, उभा असताना. आता दोन मीटर उंचीवर साठ किलो ठेवा. गुरुत्वमध्य जवळजवळ दहा सेंटिमीटर वर जातो आणि उलटायचा कोन तेहतीस अंशांच्या खाली येतो. चार अंश गेले. चालत्या ट्रॅक्टरला, एक चाक बांधावर आणि दुसरं खाचरात, वर वळताना, हे चार अंश म्हणजे उलटणं आणि न उलटणं यातला फरक असू शकतो. तेच छत बारा किलोचं केलं तर गुरुत्वमध्य दोनच सेंटिमीटर वर जातो आणि कोन एका अंशाने कमी होतो.

म्हणून माझी अट एकच होती: सगळं मिळून बारा किलोच्या आत. मागे दोन खांब, एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचे. वरची चौकट ॲल्युमिनियमची, ऑफिसच्या पार्टिशनमधून निघालेल्या सेक्शनची. चौकट खांबांवरून पुढे झेपावलेली, म्हणून दोन्ही बाजूंना तिरपा टेकू, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने सांध्याला महिन्याभरात चीर जाते. बांबूची चौकटही चालेल, हलकी आणि लवचीक. फक्त दर वर्षी बदलायची तयारी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छत तुम्हाला उन्हापासून वाचवतं, उलटण्यापासून नाही. उलटण्यापासून वाचवते ती ड्रायव्हरच्या मागे असते ती जाड पोलादी कमान, जिला रोप्स म्हणतात. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. तुमच्या ट्रॅक्टरला ती कमान असेल तर छत तिच्यावरच बसवा, पण यू-क्लॅम्पने आवळून. तिला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. ती कमान ठरावीक पोलादाची, चाचणी झालेली असते. भोक पाडलं किंवा वेल्डिंगने तापवलं की ज्या दिवशी तिची गरज लागेल त्या दिवशी ती तिथूनच मोडू शकते. छत लावायला अडचण होते म्हणून कमानच काढून टाकणारेही आहेत. त्यांना काय सांगू?

कमान नसेल तर मडगार्डच्या मूळ बोल्टना, खाली जाड पट्टी घालून, खांब बसवा. नुसत्या मडगार्डच्या पत्र्याला धरलेला खांब तो पत्रा फाडतो. आणि कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर सीटबेल्ट लावू नका. कमानीसोबत बेल्ट हवाच, कमानीशिवाय तो तुम्हाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो.

ट्रॅक्टर रस्त्यावर नेत असाल तर एक कायद्याची गोष्ट: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ गाडीच्या रचनेत मनाने बदल करायला परवानगी देत नाही. काढता-घालता येणारं हलकं छत आणि कायमची जोडलेली केबिन यात म्हणूनही फरक ठेवलेला बरा.

वारा आणि पाणी

पावणेदोन-दोन चौरस मीटरचं छत म्हणजे शीड. ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण तेरा-चौदा किलोचा जोर येतो. जूनच्या पहिल्या वादळी सरीत वारा साठवर गेला की तोच जोर तिशीत, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. आमच्या रस्त्यावर वर कंटेनर आहेत. बाजूने चाळीस फुटी कंटेनर सुसाट गेला की फडफडणारी ताडपत्री खेचली जाते. म्हणून फ्लेक्स चौकटीला चारी बाजूंनी ताणून बांधलेला हवा, कुठेही पोट नको. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधायला उत्तम. ताणतात, आणि फारच जोर आला तर आधी त्या तुटतात, खांब नाही. हे मुद्दाम. सॉफ्टवेअरमध्येही आपण हेच करतो ना, फेल व्हायचंच असेल तर स्वस्त जागी होऊ दे.

पोट नको याचं दुसरं कारण पाणी. तेवढ्याच छतावर सरासरी अडीच सेंटिमीटर पाणी साचलं तर पंचेचाळीस किलो झाले. वरचं सगळं वजनाचं गणित वाया, आणि पाणी वळणावर एका बाजूला धावतं ते वेगळंच. पुढच्या कडेपेक्षा मागची कड चार बोटं खाली ठेवा. इरल्यासारखं मागे ओघळू दे.

चिलटं, तुडतुडे, गांधीलमाश्या

किड्यांचा एकच प्रश्न समजू नका. आमच्याकडे निदान तीन वेगळे आहेत.

पहिला, चिलटं आणि डास. चिखलणीच्या वेळी, संध्याकाळी. चिलटं डोळ्यांत जातात, आणि ट्रॅक्टर बांधाच्या कडेला असताना डोळा चोळणं ही साधी गोष्ट नाही. लोकांना वाटतं छताला चारी बाजूंनी मच्छरदाणी लावली की झालं. पण बारीक जाळी वारा अडवते, आणि वारा हाच तर आपला घाम सुकवणारा. किडा टाळून उष्माघात घ्यायचा, असा सौदा. त्यापेक्षा पंखा. डास फार हळू उडतो, ताशी दीड-अडीच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्याही निम्म्याने. छोट्या पंख्याच्या झोतातही त्याला टिकता येत नाही. शिवाय आपल्या श्वासाचा वास धरून तो येतो, तो वासही पंखा पांगवतो. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, गाडीत लावायचा बारा व्होल्टचा पंखा एक-दोन अँपियर घेतो. छताच्या पुढच्या कोपऱ्यात लावा, तोंड चेहऱ्याकडे. वायरला पाच अँपियरचा फ्यूज हवाच. पंखा गरम हवेपासून आणि चिलटांपासून एकाच वेळी सोडवतो. या सगळ्या कारभारात पैशांचं सगळ्यात जास्त चीज यात झालं, छतापेक्षाही.

दुसरा, रात्रीच्या मळणीला दिव्यावर येणारे तुडतुडे. भात पिकलं की हे ढगांनी येतात, कॉलरमध्ये, कानात. इथे दोष आपल्या दिव्याचा. ड्रायव्हरच्या डोक्यावर पांढरा एलईडी लावला की आपण स्वतःच प्रकाश सापळा होतो. कीटक दिव्याकडे का जातात यावर २०२४ साली छान संशोधन आलं: ते दिव्याकडे ओढले जात नाहीत, उडताना पाठ उजेडाकडे ठेवायची त्यांची सवय असते. आकाश वर आहे हे त्यावरून त्यांना कळतं. दिवा बाजूला असला की बिचारे त्याच्याभोवती गिरक्या घेत अडकतात. म्हणून डोक्यावरचा दिवा बंद. कामाचा दिवा मशीनच्या पलीकडे, बांबूवर, माणसांपासून लांब. आणि जिथे माणूस तिथे पिवळा, मंद. निळसर पांढऱ्यावर जास्त किडे येतात, पिवळ्यावर कमी.

तरी जाळी हवीच असेल तर ट्रॅक्टरला नको, टोपीला लावा. मोठ्या काठाच्या टोपीवरून खांद्यापर्यंत मच्छरदाणीचं कापड. भिवंडीत कापड शोधावं लागत नाही. रंग काळा घ्या. पांढरी जाळी उजेडात चमकते आणि पलीकडचं धूसर दिसतं, काळीतून स्वच्छ दिसतं. मधमाशीपालकांच्या जाळ्या काळ्या असतात त्या याच कारणाने. रात्री मात्र ती काढा, नजर आधीच कमी असते.

तिसरा प्रश्न छत लावल्यावर सुरू होतो. गांधीलमाशीला तुमचं छत फार आवडतं: कोरडं, सावलीचं, उंच, आणि चौकोनी पाइपची उघडी तोंडं म्हणजे तयार खोल्या. ट्रॅक्टर पंधरा दिवस उभा राहिला की पोळं तयार. चालत्या ट्रॅक्टरवर डोक्याशी गांधीलमाशी उठली तर माणूस स्टिअरिंग सोडतो. पाइपची तोंडं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा आणि चालू करण्याआधी खालून एक नजर टाका.

लोंबणारी दोरी

पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर साधारण अकरा सेंटिमीटर. पडद्याची दोरी, जाळीचं टोक, टॉवेल, काहीही त्याला लागलं तर सेकंदाला एक मीटर या वेगाने ते आत ओढलं जातं, आणि गुंडाळी जाड होत जाते तसा वेग वाढतो. टॉवेल गळ्यात बांधलेला असेल तर पुढचं मी बोलत नाही. म्हणून मागच्या बाजूला पडदा मुळीच नको. बाजूचे पडदे सीटच्या उंचीखाली यायला नकोत, आणि ते बांधायचे नाहीत, वेलक्रोने चिकटवायचे, म्हणजे ओढ बसताच सुटतील. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं असेल तर छताचे पैसे आधी तिकडे घाला.

सायलेन्सर उभा असेल तर छताची पुढची कड त्यापासून किमान दोन फूट मागे. फ्लेक्स वितळतो, बबल शीट तर पेटते, आणि आजूबाजूला वाळलेलं पेंढ्याचं रान. सायलेन्सरचं तोंड छताच्या खाली येत असेल तर धूर छताखाली कोंडतो. त्याला कोपऱ्याचा तुकडा लावून बाजूला वळवा. प्लास्टिकने बाजू बंद करून मळणी करणं तर नकोच, तो धूर नुसता डोळे चुरचुरवणारा नसतो.

आणि छत लावलं की ट्रॅक्टरची उंची बदलते, सवय बदलत नाही. आमच्याकडे खाचरांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा पावसाळ्यानंतर कुठे कुठे इतक्या खाली आलेल्या असतात की गवताचा भारा डोक्यावर घेतलेला माणूस वाकून जातो. छताची उंची मोजा, घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा, आणि ज्या खाचरावरून तार जाते तिथे जाण्याआधी छत काढा. चार क्लॅम्प, दहा मिनिटं. चौकट काढता येणारी केली ती मुख्यतः याच कारणाने.

खर्चाचं विचारतात सगळे. विकत घेतलं ते क्लॅम्प, नायलॉक नट, पाइप आणि पंखा. साधे नट घेऊ नका, थरथरीने सुटतात. क्लॅम्पखाली ट्यूबचा तुकडा घाला. बाकी सगळं गोदामांचं भंगार. वेल्डिंग गावातल्याच माणसाने करून दिलं.

काकांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, “जल्ला, यो टॅक्टर हाय का हलदीचा मांडव?” दोन दिवस छताशिवायच नेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मळणी होती, तेव्हा स्वतः क्लॅम्प आवळताना दिसले. आता शेजारचे दोघे मापं घेऊन गेलेत. त्यातल्या एकाला पत्राच हवाय, म्हणतो मजबूत वाटतो. त्याला वजनाचं गणित कागदावर काढून दिलंय, ऐकतो का बघू.

तुमच्या ट्रॅक्टरचं वजन आणि मागच्या चाकांचं अंतर पाठवलंत तर कोनाचं गणित करून देईन. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दोन्ही आकडे असतात. पुढच्या भागात भेटू.